‘द्या’ नावाचं बटण

माझी ताई खुटबावला दिली आहे. त्या हंगामात तिने हट्टाने घरचा ऊस कारखान्याला न घालता गुऱ्हाळावर नेला आणि कसलीही पावडर न टाकता गूळ करून घेतला. असा गूळ काळपट होतो. बाजारातल्या आडत्याला पिवळा लागतो, काळ्या ढेपेकडे तो बघत नाही. थेट खाणाऱ्याच्या घरी गेला तरच हा गूळ विकला जाणार होता. दाजींनी अट घातली: संक्रांतीपर्यंत गुळाची खोली रिकामी झाली पाहिजे, नाही तर पुढच्या वर्षी सगळा ऊस कारखान्याला. अट भावकीसमोर घातली होती. ती मागे घेतली जाणार नव्हती.

ताईने ऑनलाइन दुकान काढले आणि ते मांडण्याचे काम माझ्याकडे आले. मी पूर्वी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला त्याच्या पोटातलेही कळते, असे घरच्यांचे मत होते.

दुकानाचा तयार सांगाडा मिळतो, त्याला थीम म्हणतात. आमची थीम मराठीत करता येत होती, पण तिचे मराठी यंत्राने केलेले होते. खरेदीच्या बटणावर तिने लिहिले होते, ‘गाड्यात जोडा’.

दाजींनी मोबाइल लांब धरून वाचले. “गाड्यात काय जोडायचं, पाव्हणं? बैल?”

मी ते ‘कार्टमध्ये टाका’ असे केले.

“कुणाचं कार्टं?” दाजी म्हणाले.

“तुम्ही जरा गप बसा,” ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “टाका कशाला म्हणायचं? दुकानात गेल्यावर माणूस काय म्हणतं? द्या म्हणतं. तेच लिही.”

डेस्कवर इतकी वर्षे मथळे कापले, पण याहून नेमका शब्द मला सुचला नसता. बटणावर ‘द्या’ आले. ऑर्डरीही आल्या, मात्र थोड्या. बहुतेक गिऱ्हाइकांचे म्हणणे एकच होते की माल हातात पडल्यावर पैसे देऊ. न पाहिलेल्या गुळाचे पैसे आधी कोण देणार? म्हणून तशी सोय करून देणारे एक अ‍ॅप दुकानाला जोडले.

दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाहून एका बाईंचा ताईला फोन आला. गूळ दिसतो, भाव दिसतो, पण घ्यायचा कुठून? ताईने आपल्या मोबाइलवर पाहिले. बटण नव्हते. त्याच्या जागी पांढरी पट्टी होती.

डेस्कवरची सवय अशी की दोन्ही बाजूंना विचारायचे. अ‍ॅपवाल्यांना लिहिले. त्यांनी नम्रपणे कळवले की त्यांचे अ‍ॅप व्यवस्थित चालते, दोष थीमचा असावा. थीमवाल्यांनी तितक्याच नम्रपणे कळवले की बाहेरच्या अ‍ॅपची जबाबदारी त्यांची नाही. वर्तमानपत्रात एवढ्यावर बातमी पूर्ण होते. इथे खोली ढेपांनी भरलेली राहिली.

मी शिरूरहून न्हावरामार्गे पुन्हा खुटबावला गेलो. ताईच्या ओट्यावर बसून थीमची एक प्रत काढली, म्हणजे चालू दुकानाला धक्का न लावता तपासता येते. सगळी अ‍ॅप बंद केली. बटण आले. एकेक चालू करत गेलो. पैशांचे अ‍ॅप चालू केले आणि बटण गेले. पुरावा मिळाला असे वाटले. तो अ‍ॅपवाल्यांना पाठवला. फोनवर हिंदीत बोलणाऱ्या त्यांच्या माणसाने सांगितले, कॅश क्लिअर करून पाहा. ब्राउझरमध्ये साठलेली जुनी पाने पुसा, असा त्याचा अर्थ.

फोन स्पीकरवर होता. “आरं, कॅश आलीच न्हाई अजून,” दाजी म्हणाले. “क्लिअर काय करतो?”

ताई हसली नाही.

साठलेली पाने पुसली. फरक पडला नाही. मग त्याच थीमची मूळ इंग्रजीतली कोरी प्रत घेऊन तिला ते अ‍ॅप जोडले. बटण जागेवर होते, खाली पैसे देण्याचे दोन्ही पर्यायही होते. तेच अ‍ॅप, तीच थीम, आणि दोघांचे एकमेकांशी बरे चालले होते. आता दोष कोणाचाच नव्हता.

आमच्या प्रतीतला एकेक बदल मी त्या कोऱ्या प्रतीत करत गेलो. रंग, फोटो, गुळाची माहिती. बटण जागेवर. शेवटी बटणावरचे शब्द बदलले आणि ‘द्या’ लिहिले. बटण गेले. पुन्हा इंग्रजी केले, आले. पुन्हा ‘द्या’, गेले. अ‍ॅप मूळ बटण झाकून त्या जागी स्वतःचे दाखवायचे, पण ती जागा ते बटणावरच्या इंग्रजी शब्दांवरून शोधत होते. ते शब्द सापडले नाहीत की मूळ बटण झाकलेले राहायचे आणि त्याचे स्वतःचे यायचे नाही. ‘द्या’ पहिल्या दिवसापासून होते, म्हणून त्याच्यावर माझा संशयच गेला नव्हता.

हे सगळे अ‍ॅपवाल्यांना लिहून कळवले. उत्तर आले की मराठीची सूचना नोंदवून घेतली आहे, तोपर्यंत बटण इंग्रजीत ठेवावे.

मी ताईला सांगितले की शब्द ठेवायचा तर पैशांची सोय जाईल. दुसरे अ‍ॅप शोधू, थीम बदलू, चार दिवस दे.

“आन् संक्रांत थांबणार हाय का?” ती म्हणाली. “कर इंग्लिश.”

“तो शब्द तुझा आहे.”

“गूळ पण माझाच हाय. बदल.”

मी बदलला. ‘अ‍ॅड टू कार्ट’ असे इंग्रजी अक्षरांत, काळ्या गुळाच्या फोटोखाली. डेस्कवर असे पान मी छपाईला सोडले नसते. त्यानंतर ऑर्डरी येत गेल्या. कुरकुंभच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या घरून, पुण्याच्या सोसायट्यांतून. ताई दिवसभर खोकी भरत होती. मध्येच कोणीतरी फोन करून विचारायचे की त्या इंग्लिश अक्षरांवर दाबायचे का, आणि ती प्रत्येकाला हो म्हणायची. मला मात्र प्रत्येक वेळी तो प्रश्न बोचत होता.

भोगीच्या सकाळी दाजींनी गुळाची खोली उघडली. मी आणि ताई मागे उभे होतो. कोपऱ्यात थोड्या ढेपा उरल्या होत्या. अटीप्रमाणे खोली रिकामी नव्हती.

दाजींनी दोन ढेपा काखेत मारल्या. “ह्या घरच्या,” ते म्हणाले. “घरच्या धरत न्हाईत. पाव्हणं, नुसतं बघताय काय, उचला की राहिलेल्या.”

आम्ही त्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. परत आलो तेव्हा ताई खोली झाडत होती.