केळफुलांचा पदर

अंगात येणं, बाहेरचं लागणं... असलं काही मी कधी मानलं नाही. आमच्या गल्लीत कुणाला तसं झालं की बायका लिंबू-मिरच्या घेऊन धावतात, मी घरात बसते. भाची मोबाईलवर लोकांचे असे अनुभव वाचून दाखवते, तेव्हाही मी म्हणायचे, "रिकामे उद्योग आहेत यांना." आता माझाच लिहितेय. कुणाला वाचायला देईन की नाही, माहीत नाही. पण आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहिते.

सुरतला, पांडेसऱ्यात, साड्या छापायच्या मिलच्या मागे एक डिझाइनचं ऑफिस आहे. पहिला मजला, रस्त्याकडे दोन खिडक्या, आत कॉम्प्युटर. मी तिथं झाडलोट आणि चहा करायचे. सकाळी सगळ्यांत आधी मी जायचे. कुलूप उघडायचं, मेन स्विच टाकायचा, कॉम्प्युटरची बटणं दाबायची — एवढंच मला शिकवलं होतं. पुढचं आपोआप व्हायचं. कॉम्प्युटरचं बघणारे जिग्नेशभाई, त्यांनी त्यात काहीतरी लिहून ठेवलं होतं. स्क्रिप्ट म्हणायचे त्याला. मशीन चालू झालं की डिझाइनचं सॉफ्टवेअर स्वतःच उघडायचं आणि त्या दिवशीच्या साड्यांच्या फाइली एकामागून एक समोर यायच्या. डिझाइनर येईपर्यंत सगळं तयार.

मनीषा तिथली डिझाइनर. आमच्याच गल्लीतली, मूळची रावेरकडची. मला मावशी म्हणते. हे काम तिनंच लावून दिलेलं. तिचं लग्न ठरलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच्या लग्नाची साडी काढत बसायची. पदरावर केळफुलं.

"नवरीच्या अंगावर भाजी?" मी हसले.

"मावशी, मोर सगळ्याच नेसतात. माझी एकच छापायची. दुसरी कुणाकडेच नसेल. शेठना विचारलंय, हो म्हणालेत."

एक फूल काढून झालं होतं. त्याच आठवड्यात कामरेजजवळ टेम्पोनं तिच्या स्कूटरला उडवलं. डोक्याला मार. शुद्धच नाही.

तिच्या मशीनवरची कामं बाकीचे वाटून करत होते, म्हणून त्याचंही बटण मी रोज दाबायचे. एका सकाळी सगळ्या फाइली उघडल्या आणि सगळ्यांच्या वर तिचा पदर. मला वाटलं, कुणीतरी बघायला काढला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण आता फुलं दोन होती... त्याच्या पुढच्या सकाळी तिसरं. लालसर जांभळी साल अर्धी उलगडलेली, आत पिवळे दांडे. मनीषाचाच हात. मी रोज तिच्या मागे उभी राहून बघितलेला.

जिग्नेशभाईंना बोलावलं. ते म्हणाले, स्क्रिप्ट घाई करतेय, सॉफ्टवेअर नीट उघडायच्या आधीच फाइल मागते, म्हणून जुनी फाइल वर येते. त्यांनी त्यात थोडं थांबायला लिहिलं. फरक नाही. मग फोल्डरचा पत्ता बदलला. तरी पदर. शेवटी स्क्रिप्टच बंद केली. सकाळी सॉफ्टवेअर उघडलं, बाकी एकही फाइल आली नाही. फक्त पदर आला, एक फूल वाढवून.

तेव्हा ते खाली बसले. फाइल कधी सेव्ह झाली ते त्यांना दिसत होतं. ऑफिसला कुलूप असताना, मेन स्विच बंद असताना, याच मशीनवरून.

"सुमनबेन, तुम नहीं हो, मुझे पता है," ते हळू म्हणाले. "तुम को तो माउस पकडना नहीं आता. पर किसी को बोलना मत."

मी नाही बोलले. ते बोलले असतील, नाहीतर दुसरं कुणी. शेठनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"चावी तुम्हारे पास. किस को अंदर लाती हो?"

मी जिग्नेशभाईंकडे बघितलं. ते टेबलाखाली वाकून वायर बघत राहिले. चांगली घट्ट बसलेली वायर! लोकांसमोर माझ्या तोंडून कधी शब्द फुटत नाही, त्या दिवशीही फुटला नाही. चावी काढून दिली.

दुसऱ्या सकाळी शेठनी स्वतः कुलूप उघडलं. मी दाराशीच उभी. मशीन चालू झालं, पदर आला. नवीन फूल होतं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, बेन, चूक झाली. शेठ चष्मा लावून बघत बसले. मग म्हणाले, "केवुं सरस छे! आ चालशे. पूरी होने दो, फिर छापेंगे."

कोण काढतंय हे विचारायचंही त्या माणसाला सुचलं नाही. फुकटात रात्रपाळी चालली होती ना!

"शेठ, ती मनीषाच्या लग्नाची आहे," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "एकच छापायची. तुम्ही हो म्हणाला होतात."

"मशीन मेरा, लाइट मेरी, तो डिझाइन किस की?"

कुणीतरी हसलं.

मी झाडू तिथंच टाकला आणि सरळ दवाखान्यात गेले. मनीषाची आई उशाशी बसली होती. मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलेच.

"हात थांबव तुझा! पडल्यापडल्या कुणासाठी राबतेस? तो गाठोडी भरभरून विकणार आहे तुझा पदर. पुरा करू नकोस!"

"अगं सुमन, वेड लागलं का तुला?" तिच्या आईनं मला मागं ओढलं. मनीषाची पापणीसुद्धा हलली नाही.

दुसऱ्या सकाळी पदर आला नाही.

आता गंमत बघा. जे जिग्नेशभाई ती फाइल उघडू नये म्हणून धडपडत होते, तेच आता ती उघडावी म्हणून घाम गाळायला लागले. स्क्रिप्ट पुन्हा चालू केली, पत्ता पहिल्यासारखा केला, फाइलींची जादा कॉपी दुसरीकडे ठेवलेली असते, तीही शोधली. दर वेळी एकच उत्तर... फाइल सापडत नाही. नवीन फुलं गेली ती गेली, मनीषानं माझ्यासमोर काढलेलं पहिलं फूलसुद्धा कुठंच नाही.

"इसी ने उडाया," शेठ म्हणाले. जिग्नेशभाई पुन्हा गप्प. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. मला कामावरून काढलं. भुताची भीती मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. त्या गप्प बसलेल्या तोंडाचा मात्र अजून राग येतो.

मनीषा पुढे शुद्धीवर आली. बोलते, चालते, उजवा हात मात्र साथ देत नाही. लग्न पुढे ढकललंय. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मला तर फक्त एकच फूल आठवतं." माझं ओरडणंही तिला आठवत नाही. मग म्हणाली, "बाकीची कशी होती? सांग बरं."

मी सांगते तसं ती डाव्या हातानं कागदावर काढते. पेन्सिल घसरते, ती चिडते, मी पण चिडते, पुन्हा सांगते. त्या ऑफिसात काय झालं, ते आम्हा दोघींना आजही कळलेलं नाही. काल एक फूल झालं. वाकडंतिकडं आहे. पण ते कुणी काढलं, एवढं तरी मला माहीत आहे.