लूमच्या गोंगाटात आलेली हाक

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी आजवर एकच प्रश्न विचारत आलोय - काल काय घेतली होती? आमच्या गावाकडे, शिरपूर तालुक्यात, प्रत्येक चिंचेवर कुणी ना कुणी राहायला असतं असं म्हणतात. मी त्या चिंचांखाली झोपलोय, वर चढून चिंचा पाडल्यात, मला कुणी भेटलं नाही. त्यामुळे या सदरात मीच लिहायला बसेन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मुलगी मनीषा म्हणाली, "बापू, लिहून टाका, डोकं हलकं होईल." म्हणून लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, तुमच्या जागी मी असतो तर मीही हसलोच असतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. मला ऐकू येत नाही. जन्मापासून नाही, सुरतेला आल्यापासून. मिसरूड फुटायच्या वयात तिथल्या उधन्याला आलो आणि लूमवर लागलो. पॉवरलूम चालतात त्या शेडला आम्ही खातं म्हणतो. खात्यात एकदा मशिनी सुरू झाल्या की शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी त्याला कळत नाही. सगळे कारीगर एकमेकांचे ओठ बघून बोलतात, नाहीतर हातवारे करतात. कान कधी जातात हे कळतच नाही, कारण तिथे त्यांची गरजच पडत नाही! माझे गेले ते पहिल्यांदा कळलं बायकोला, लीलाला. "मुद्दाम ऐकत नाही तुम्ही," म्हणून ती भांडायची. मग एक दिवस तिने माझ्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं आणि मी वळलोच नाही, तेव्हा ती खाली बसून रडली.

पण त्याने आमचं काही अडलं नाही. मी तिचे ओठ वाचायला लागलो. आता मी शहराबाहेर कडोदऱ्याच्या एका खात्यात कामाला जातो, लीला उधन्याच्या घरी साड्यांना लेस लावते. घर म्हणजे पुढे एक खोली आणि मागे किचन. मनीषा लग्न करून चलथाणला गेली. तिने दिवाळीत मला तिचा जुना फोन आणि एक स्मार्टवॉच आणून दिलं. कानाचं मशीन मी पूर्वी घेऊन बघितलं होतं, त्यात नुसती घरघर यायची. मनीषा म्हणाली, "बापू, फोन काय नुसते व्हिडिओ बघायला असतो का? द्या इकडे, सेटिंग करून देते."

आणि खरं सांगतो, कमाल चीज आहे. फोन आजूबाजूचे आवाज ऐकतो, ओळखतो, आणि घड्याळ मनगटावर थरथरतं. त्यावर लिहून येतं - दारावर थाप. कुत्रा भुंकतोय. पाणी वाहतंय. कुकरच्या शिट्टीचा आवाज मनीषाने वेगळा शिकवला. शिवाय एक ॲप असं की समोरचा बोलेल ते स्क्रीनवर उमटतं. मी घरभर हिंडून आवाज गोळा करायला लागलो. मोरीचा नळ गळतो हे मी लीलाला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "उजेड पडला!" मग माझ्या हे लक्षात आलं की माझी पाठ वळली की ही बाई मला उद्देशून बरंच काही बोलत असते, आणि हे गेली कित्येक वर्षं चालू आहे. आमची घरची बोली अहिराणी, फोन ती मराठी समजून काहीतरीच लिहायचा... पण शिव्या अगदी बरोबर लिहायचा. लीलाला ते कळलं तशी ती फोन टॉवेलखाली ठेवून बोलायला लागली.

शेवटची सेटिंग नावाची होती. दवाखान्यात, बँकेत नाव पुकारतात आणि मी बसून राहतो, माझा नंबर जातो. म्हणून मनीषाने फोनमध्ये माझं नाव घातलं, सुकलाल. कुणी ते उच्चारलं की घड्याळ जोरात थरथरणार. आता करून बघायला कुणीतरी हाक मारायला हवी. मनीषा आईला म्हणाली, "मार हाक."

"मी?" लीला म्हणाली. "येडी व्हयनी का तू?"

तिने लग्नात उखाण्यात माझं नाव घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर मी "मनीषाना बापू", किंवा नुसतंच "ओ", किंवा घड्याळ आल्यापासून ताटावर लाटणं आपटणं. मनीषाने मनधरणी केली, चेष्टा केली, ही ढिम्म. शेवटी मनीषानेच "सुकलाल!" अशी हाक मारली, घड्याळ थरथरलं, आणि बापाचं नाव घेतलं म्हणून तिच्या पाठीत एक धपाटा बसला. त्या दिवशी आम्ही तिघं पोट धरून हसलो होतो.

ते घडलं हिवाळ्यात, भर दुपारी. मी खात्यात होतो, जेवण करून नुकताच लूमवर उभा राहिलो होतो. खात्यात ते ॲप मी बंद ठेवतो, कारण तिथे त्याचा काही उपयोग नाही. स्क्रीनच्या कडेला आवाजाची एक पट्टी असते, ती गोंगाटाने टोकापर्यंत भरते आणि एक अक्षर उमटत नाही. त्या दिवशी बंद करायचं राहून गेलं, फोन खिशात तसाच होता.

मनगट थरथरलं. घड्याळावर लिहिलं होतं - तुमचं नाव घेतलं गेलं.

मी मागे बघितलं. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. एक तर खात्यात मला सगळे काका म्हणतात, देखरेख करणारा मास्तरसुद्धा. सुकलाल म्हणणारी माणसं गावाकडे होती, ती कधीच वर गेली. मला वाटलं, पोरांनी काहीतरी चावटपणा केला असेल. तेवढ्यात परत थरथरलं. मी फोन बाहेर काढला.

स्क्रीनवर माझं नाव दोनदा, एकाखाली एक. आणि आवाजाची पट्टी... पट्टी अगदी तळाला पडलेली होती. रिकाम्या घरात असावी तशी. माझ्या चारी बाजूंना लूम चालू होते आणि फोन सांगत होता की इथे शांतता आहे.

मला वाटलं लाइट गेली. वर बघितलं तर धोटे सटासट इकडून तिकडे पळत होते, कापड गुंडाळलं जात होतं. खात्री करायला मी लूमच्या लोखंडावर हात ठेवला. थरथर पार कोपरापर्यंत आली. आणि तेव्हाच, माझ्या डोळ्यांदेखत, स्क्रीनवर तिसऱ्यांदा नाव उमटलं. सुकलाल. पट्टी किंचित वर गेली आणि परत खाली आली, एका माणसाच्या आवाजाने जावी तेवढीच.

मी घाबरलो, सरळ सांगतो. मास्तरकडे जाऊन फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हातात घेतला आणि पट्टी एकदम टोकापर्यंत भरली, नेहमीसारखी. तो हसला. "काका, मशीन है, इसका भी दिमाग घूमता है," असं त्याच्या ओठांवरून वाचलं.

मी बाहेर येऊन लीलाला व्हिडिओ कॉल लावला. आमचं बोलणं व्हिडिओवरच चालतं, आणि ती पहिल्या रिंगला उचलते. तिने उचलला नाही. परत लावला, परत नाही. मग मी मास्तरला सांगून निघालो. रिक्षात बसल्यावर स्वतःलाच शिव्या देत होतो... एका यंत्राचं ऐकून चालू लूम सोडून आलास, शहाणा आहेस की नाही! तरी रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, जरा पटपट घे.

दार आतून बंद होतं. मी दार बडवलं, पण आतून कुणी ओ दिली तरी मला काय कळणार? शेजारच्या रमीलाबेन बाहेर आल्या. त्यांनी दाराला कान लावला आणि नाही म्हणून मान हलवली. मग मी खिडकीतून बघितलं. लीला खाली पडली होती, आजूबाजूला साड्या पसरलेल्या. डोळे उघडे होते. मी खांद्याने धडका दिल्या तेव्हा कडी उपटून निघाली. मी आत शिरलो, तिचं डोकं मांडीवर घेतलं, तरी ती माझ्याकडे बघत नव्हती. ती किचनच्या दाराकडे बघत होती.

"कंई सांभळ्युं नथी, भाई," रमीलाबेन पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. भिंतीला भिंत लागून आहे, साधं भांडं पडलं तरी त्यांना कळतं. त्यांना एक हाक ऐकू आली नव्हती.

लकवा होता. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. "किसने बताया आपको?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फोन आला होता.

तिचा जीव वाचला, पण तोंड वाकडं झालं. मला तिचे ओठ वाचता येईनात. ती काही सांगायला जायची, घशातून नुसता आवाज यायचा असं मनीषा सांगायची, आणि मी त्या वाकड्या ओठांकडे बघत बसायचो. त्या दिवसांत मला तिच्या मरणाची भीती नव्हती, भीती याची होती की ती जिवंत राहील, माझ्यासमोर बसेल, आणि मला तिचं एक अक्षरही कळणार नाही. खात्यातली गोष्ट मी फक्त मनीषाला सांगितली. लीलाला काहीच सांगितलं नाही, तिच्या डोक्याला आणखी त्रास कशाला.

हळूहळू एकेक शब्द परत यायला लागला. बोलण्याचे व्यायाम घेणारी एक तरुण बेन होती. ती लीलाला विचारायची, मी फोनवर वाचायचो. आपका नाम? लीला. बेटी का? मनीषा. पति का नाम? लीला गप्प. बेनने परत विचारलं, बोटाने मला दाखवलं. लीला खाली बघत राहिली. बेनने कागदावर फुली मारली, "ये नाम भूल गई हैं." इतक्या दिवसांनी मला हसू फुटलं. मी म्हटलं, "मॅडम, भूली नहीं है, लेती नहीं है!" बेनही हसली. लीला मात्र हसली नाही. ती रडायला लागली आणि चांगला हात जोरजोरात नाही म्हणून हलवत राहिली.

घरी आल्यावर तिने मनीषाला जवळ बसवलं. थांबत थांबत बोलायला लागली. मनीषा तिचं ऐकायची आणि माझ्याकडे तोंड करून सांगायची.

"बापू, आई म्हणते, मी तुमनं नाव नई लिधं."

"अगं, कोण म्हणतं घेतलंस?" मी म्हटलं.

लीला बराच वेळ बोलली. मग मनीषा सरकून माझ्यासमोर येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता. मग ती म्हणाली, "आई म्हणते, मी पडले तेव्हा तोंड उघडत नव्हतं. मला ताटापर्यंत हात नेता येत नव्हता. आणि किचनमाईन कोणीतरी बाई तुम्हाला हाका मारत होती. नाव घेऊन. सुकलाल, सुकलाल, असं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. तुम्हाला वाटेल मीच नाव घेतलं... मी नाही घेतलं."

"विचार, आवाज कुणाचा होता?"

मनीषाला विचारायची गरज पडली नाही. लीलाने डावा हात उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मला सांगून झालंय. डॉक्टर म्हणाले, मेंदूला असा मार बसला की भास होतात. असतील. पण तिच्या डोक्यातला भास कडोदऱ्याला माझ्या खिशात कसा लिहिला गेला? जावई म्हणाले, ॲप कधी कधी गोंधळतं. गोंधळलं असेल, पण गोंधळून बरोबर माझंच नाव आणि बरोबर त्याच दुपारी? ॲपमध्ये लिहिलेलं काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेही पुसलं गेलं. आवाज तर ते ठेवतच नाही. ठेवला असता तरी मी काय ऐकणार होतो!

लीला आता चालते, एका हाताने पोळ्या करते, मला शिव्याही देते. तोंडही बरंच सरळ झालंय, मी तिचे ओठ परत वाचू शकतो. मागे मी मनीषाला विचारलं, "आईचा आवाज पहिल्यासारखा झाला का गं?" ती म्हणाली, "शब्द सगळे आलेत, बापू." मी म्हटलं, शब्दांचं नाही विचारत. तिने विषय बदलला.

घरात एवढाच एक फरक आहे की लीला किचनच्या दारात क्षणभर थांबते, आत बघते आणि मगच पाऊल टाकते. खात्यातली गोष्ट शेवटी तिला सांगितली, तेव्हा फोनमधून माझं नाव काढून टाका म्हणून तिने मला शपथ घातली होती. काढलं म्हणून मी तिला सांगितलं. काढलेलं नाही. घड्याळ मी झोपतानाही हातात ठेवतो, कारण परत कुणी बोलावलं तर मला जावंच लागेल. कोण बोलावतंय, ते मात्र मला अजून माहीत नाही.