होमलीच्या मुशी

मेवाडातल्या जावरच्या खाणीपाशी मुशी घडवायची ती होमली भिलीण. वांग्याच्या आकाराच्या, लांब देठाच्या मातीच्या कुप्या. कुटलेला दगड भरून जाळ लावला की जस्ताची वाफ देठातून खालच्या मडक्यात उतरून गोठायची. नवरा गेल्यावर दुसरं घर न करता तिनं हेच धरलं होतं. होमलीचं तोंड मात्र जाळ न लावताही पेटायचं.

भादव्यात कासारानं जस्त परत आणलं. त्याचं पितळ ठोकताना फाटत होतं. जस्तात शिसं आलं होतं.

मुकादम दल्लाजी खाकरला. "होमले, तुझ्या मुशी फुटक्या. भट्टीतली घाण आत शिरते. उद्यापासून इथं पाय ठेवायचा नाही."

होमलीही तशीच खाकरली, तसंच पोट पुढं काढलं. "आणि जाळ कोणी कोंबला, मुकादम? गवरी नाचायला पळायची घाई कोणाला होती?"

सगळ्यांनी जाळवाल्या भेराकडे पाहिलं. गवरी या भिलांच्या भादव्यातल्या नाचखेळात पुरुषच बायका व्हायचे; हा राणी व्हायचा. आत्ताही घागऱ्यातच होता.

"काकी, माझं नाव कशाला घेते?"

"नाव कुठं घेतलं, राणीसाहेब? मंद जाळात जस्त उडतं, शिसं बसून राहतं. तुम्ही लाकडं कोंबली, तेही उडालं त्याच्याबरोबर."

"बायकांनी जाळाचं शिकवू नये," दल्लाजी म्हणाला.

"मग घागरे कशाला घालता?"

तिनं परत आलेलं जस्तच आपल्या मुशीत घातलं, शिसं तळाशी राहावं म्हणून मूस उलटी न ठेवता बुडावर बसवली, देठाला वाकडी नळी जोडून टोक मडक्यात सोडलं. सांधे लिंपले. "मूस फुटकी असेल तर पांढरा धूर निघेल. निघाला की मी चालले."

जाळाशी ती स्वतःच बसली. भेरा लाकूड घेऊन आला की नुसती बघायची. तो परत जायचा.

धूर निघाला नाही. मडक्यात उतरलेलं जस्त कासारानं तांब्यात मिसळलं, पत्रा ठोकला, उलटून पुन्हा ठोकला. फाटला नाही.

होमलीनं गार झालेली मूस फोडली. तळाशी शिशाचा गोळा. तो तिनं मुकादमाच्या तळहातावर ओढला. काळी रेघ उठली.

"बरं बरं. ये उद्या," तो पुटपुटला.

"अंहं. फुटक्या म्हणालास चारचौघांत. हेही चारचौघांत म्हण."

"मुशी... ठीक आहेत."

"भेरा, तुला ऐकू आलं?"

"नाही, काकी."

"फुटक्या नव्हत्या मुशी! जाळ जास्त झाला!" दल्लाजी ओरडला.

"मग गवरीचा खेळ संपेपर्यंत जाळाशीही मीच," होमली म्हणाली, आणि मुकादमाच्या बाजेवर ऐसपैस बसली.