सासूबाई दगडावर बसल्या

मुतारे शहराच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटून जी घरं आहेत, त्यांतलं सगळ्यांत वरचं घर माई शमिसोंचं. त्यांचं खरं नाव चर्चमधल्या बायकाही विसरल्या. लेक शमिसो जन्मली आणि त्या शमिसोची आई झाल्या, त्या कायमच्याच. बाजारात शेंगदाण्याचं लोणी विकायच्या आणि तोंडाने फटकळ होत्या. गिऱ्हाईक जरा जास्त चाखू लागलं की म्हणायच्या, "पाव घरून आणला असतात, तर न्याहारीच उरकली असती."

फाटकाबाहेरच्या उताराची मात्र त्यांनी कधी चेष्टा केली नाही. तो उतार सरळ खाली नळाच्या भिंतीपर्यंत जातो, आणि त्या भिंतीतल्या मधल्या विटा वेगळ्या रंगाच्या आहेत. त्यांचा नवरा तिथेच गेला. लाकडाचे ट्रक चालवण्यात हयात घालवलेला माणूस. एका रविवारी त्याने अंगणात आपल्या जुन्या गाडीचे ब्रेक पॅड बदलले, बघू या जमलंय का म्हणून फाटकाबाहेर काढली, आणि संपलं. कुणीतरी करणी केली, असं लोक बोलले. गाडी ओढून न्यायला आलेला म्हातारा मेकॅनिक तेवढा खरं बोलला.

"माई, सगळं नवं आहे, सगळं जागच्या जागी आहे. जाड पॅड बसवायचे तर पिस्टन मागे रेटावा लागतो. मग गाडी हलवण्याआधी ब्रेक पायाने दाबत राहायचा, पिस्टन पुढे येईपर्यंत. नाहीतर पहिला पाय पोकळीत जातो. त्या दिवशी मध्येच कुणी हाक मारली होती का?"

हाक मारली होती. पाहुणे आले होते. स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाचा साडझा घोटताना माईंनी जॅकची करकर ऐकली होती, पाना ऐकला होता, पण दर वेळी शेवटी येणारी ब्रेक दाबल्याची ती धप धप काही ऐकू आली नव्हती. तिचा अर्थ त्यांना तेव्हा ठाऊक नव्हता. ठाऊक झाला तो मेकॅनिकच्या या बोलण्यातून.

या रविवारी जावई आला होता. गोंडाई नाव, धंद्याने शिंपी, हाताचा नीटनेटका आणि स्वभावाने गरीब गाय. चढ चढतानाच त्याच्या गाडीची चाकं लोखंडावर लोखंड घासल्यासारखी किंचाळत होती. दुपारी खिंडीचा घाट उतरून नात्यातल्या बाप्तिस्म्याला जायचं होतं, बरोबर शमिसो आणि चार वर्षांची अनेसू. नवे पॅड त्याने आणलेच होते. अंगणातच बदलतो म्हणाला, आणि अर्थातच बायकोला म्हणाला. त्यांच्यात जावई सासूशी थेट बोलत नाही. तो उकिडवा बसतो, ओंजळीने टाळ्या वाजवतो आणि नजर जमिनीला लावतो. तिच्यासमोर पाय पसरून उताणं पडणं तर बापजन्मात नाही. म्हणून गाडीखाली शिरायची वेळ आली तशा माई आपण होऊनच आत गेल्या. बिचाऱ्याला मोकळेपणी पडता यावं, एवढाच हेतू.

आत त्या पालेभाजी चिरत बसल्या आणि हात चालेना. नुसते कान चालत होते. जॅक वर गेला. चाक निघालं. लोखंडी शिकंज्याची कुरकुर आली, म्हणजे पिस्टन मागे गेला. ठोकाठोक झाली. मग दुसरी बाजू, पुन्हा तेच. जॅक खाली आला. आता, त्या मनाशी म्हणाल्या, आता.

बाहेरून शमिसोचा आवाज आला. "अहो, हात धुवा आता. सगळे वाट बघत असतील. अनेसूला मी गाडीत बसवलंय."

"आलोच. बॅटरी बसलीय, उतारावर सोडली की होईल चालू. तेवढा दगड काढतो आणि उडी मारून आत बसतो."

हँडब्रेक नावालाच होता. गाडी उभी होती ती पुढच्या चाकाला लावलेल्या त्या थोरल्या दगडावर, आणि तिचं तोंड उताराकडे. फाटक सताड उघडं होतं.

माई सुरी टाकून धावल्या. ओरडावं तर जावयावर सासू ओरडत नाही. आणि ओरडल्या असत्या, तर त्याने दचकून आधी दगड काढला असता आणि मग वळून बघितलं असतं. त्याने दगडाला हात घालायला आणि माईंनी त्या दगडावर बसायला एकच गाठ पडली. गोंडाईने विस्तव लागल्यासारखा हात काढला, मागे सरकून उकिडवा बसला आणि टाळ्या वाजवू लागला.

"आई, हे काय?" शमिसो म्हणाली. "ऊठ ना. उशीर होतोय."

"पाय दुखतात माझे."

"मग खुर्चीवर बस."

"मला दगडच मानवतो. तुझ्या नवऱ्याला सांग, आत बसून ब्रेक दाब म्हणावं."

"ते ऐकतायत की."

"तू सांग."

शमिसोने कपाळाला हात लावून सांगितलं. तोवर गोंडाईने शब्द न् शब्द ऐकला होता, तरी तो बायकोने सांगितल्यावरच उठला. आत बसला आणि ब्रेकवर पाय टेकवला. पाय चिखलात गेल्यासारखा थेट तळाशी गेला.

त्याने काचेतून उताराकडे पाहिलं, खालच्या भिंतीकडे पाहिलं, मग आरशात अनेसूकडे. ती खिडकीला नाक लावून कोंबड्यांशी बोलत होती. शमिसोला त्याचा चेहरा दिसला आणि ती फाटकाला धरून उभी राहिली. बाप कसा गेला ते तिला ठाऊक होतं. का गेला ते माईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"पुन्हा दाब म्हणावं," माई म्हणाल्या.

धप. धप. धप. हळूहळू पायाखाली काहीतरी लागायला लागलं, मग घट्ट झालं, मग दगडासारखं टणक. गोंडाई दाबत राहिला. ब्रेक केव्हाच लागला होता, पण माई खालच्या त्या वेगळ्या विटांकडे बघत बसल्या होत्या, आणि 'पुरे' म्हणायला त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सासूने पुरे म्हटल्याशिवाय जावई थांबतो कसला?