वाळूतला जोड

आप्पा कधीच आधी मोटारीला हात लावत नसत. तापल्या लेकराचं अंग बघावं तसे उलट्या पंज्याने केबल चाचपत पुढे जायचे. लातूरच्या आमच्या डाळमिलमध्ये ते थोरले वायरमन. कपाळावर विभूतीचे पट्टे, खिशात टेस्टर, आणि आवाज असा की शेठही दबकून बोलत. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले, "मोटार जळत न्हाई रे, जाळली जाती. आधी केबल बघ."

केबलला जोड द्यायला त्यांनीच शिकवलं. टेप गुंडाळून झाला की वरून सुती दोऱ्याची आडवी गाठ मारायचे. ती गाठ मिलमध्ये फक्त आम्हा दोघांना यायची, आणि मला त्याची कोण मिजास! "जोड द्यायची लाज न्हाई, लपवायची हाय," हेही त्यांचंच बोलणं. मी ते खरं मानलं, हा माझा बावळटपणा.

गेल्या तुरीच्या हंगामात मोठी मोटार जळाली. शेठ भडकले; म्हणाले, ज्याची चूक निघेल तो घरी जाईल. नवी मोटार बसवली, तर तीही तापू लागली. मी विजेचा दाब मोजून बघितला. पॅनलवर तिन्ही फेज सारखे, पण चालू मोटारीपाशी एक फेज बराच कमी. म्हणजे अडथळा मधल्या केबलमध्येच होता.

"केबल चांगली हाय. सोड तो नाद," आप्पा म्हणाले.

मी ऐकलं नाही. फरशी काढून केबलचा चर उकरला. वाळूत एक जोड सापडला, नुसत्या पिळलेल्या तारांचा, करपलेला. वर आमची ती गाठ. मी तो दिलेला नव्हता. शेठ शेजारीच उभे होते. मी आप्पांकडे बघितलं. वाटलं, आता सांगतील.

"गाठ शिकिवली म्या," आप्पा शांतपणे म्हणाले, "पन ही मारली ह्यानं."

जुन्या माणसाच्या शब्दापुढे माझं कोण ऐकणार? त्याच दुपारी मला काढलं. त्या माणसाला मी बापाच्या जागी मानत होतो. आज नांदेडला नोकरी करतो, तरी आठवलं की जीव जळतो.

त्या दुपारी मी निघालो, तर फाटकापाशी आप्पा मागून धापा टाकत आले. माझा डबा आत राहिला होता, तो घेऊन.

"लेकरा, तू जवान हायस. तुला कुठंबी काम लागंल. मला ह्या वयात कोन ठेवून घेतंय?"

"मंग मला आधी सांगायचं होतं, आप्पा," मी म्हणालो. "म्याच म्हनलो असतो, चूक माझी हाय म्हनून."