गालातला गुळाचा खडा

गिरिजाबाईंच्या तोंडात खालचे सहा दात उरले होते आणि भाकरीचा सगळा भार त्यांच्यावरच होता. त्यातलाही एक हलायला लागला, तशी सून तृप्तीनं त्यांना कुंभार पिंपळगावहून जीपनं घनसावंगीला नि तिथून एसटीनं जालन्याला, दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"आजी, तोंड कोरडं पडतं का?"

"पडतं की. बीपीची गोळी लागली तशी तोंडात थुंकीच न्हाई राह्यली. म्हणून गुळाचा खडा धरते गालात. जुनी सवय हाय."

सवय चाळीस वर्षांची. कापूस वेचणाऱ्या बाईनं पाणी पिऊ नये. प्यायलं की जावं लागतं, आणि उघड्या रानात जाणार कुठं? पहिल्याच वेचणीला सासूनं हातावर खडा ठेवला होता. गालात धर, तहान कळत नाही, म्हणाली होती. रानातल्या पुरुषांना मात्र कधी गूळ लागला नाही. ते खुशाल बांधाकडं तोंड करून उभे राहायचे.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच गिरिजाबाईंना जास्त लागलं. थुंकी कमी असली की गोड दातांना चिकटून राहतं आणि कीड लागते, असं त्यांनी समजावलं. गूळ बंद करायचा, दिवसभर घोट घोट पाणी प्यायचं, रात्री झोपताना पेस्टनं दात घासायचे. गोळी मनानं सोडायची नाही, बीपीच्या डॉक्टरांना विचारायचं. एवढं केलं तर पाच दात टिकतील. हलणारा त्यांनी काढला. जन्मभर कापूस वेचला, आता तोंडातही कापूसच, असं म्हणत गिरिजाबाई बोळा दाबून एसटीत बसल्या. फार थकल्या होत्या.

चार दिवसांनी सासू-सून वेचणीला गेल्या. ऊन वर आलं. गिरिजाबाईंची जीभ टाळूला चिकटली होती, पण बाटलीकडे हात जाईना. शेजारच्या ओळीत तृप्तीचा गाल फुगलेला दिसला.

"थुक ते."

"आत्या, डॉक्टरनं तुम्हाला सांगितलंय. माझे दात बराबर हायेत."

"माझेबी व्हते."

"मंग पाणी पिऊन जाऊ कुठं? शेजारचा ऊस तुटून गेला, पऱ्हाटीला पान न्हाई. रस्त्यानं माणसं येऊन-जाऊन राह्यलीत."

तीन वर्षांपूर्वी या पोरीच्या हातावर पहिला खडा गिरिजाबाईंनीच ठेवला होता, आणि तोही मोठ्या मायेनं. त्यांना स्वतःची चीड आली. ओटीतला कापूस त्यांनी ढिगावर ओतला, कापूस बांधायची चादर उचलली, बाटली सुनेच्या हातात दिली आणि बांधाकडे चालू लागल्या.

"पी, अन् ये हिकडं."

रस्त्याकडे पाठ करून त्यांनी चादर दोन्ही हातांनी ताणून धरली. खांदे भरून आले, तरी त्या हलल्या नाहीत. तृप्ती आडोशातून उठली, पदर सारखा केला आणि त्यांच्या हातातून चादर काढून घेतली.

"आता तुम्ही प्या आत्या. मी धरते."

गिरिजाबाई बांधावर बसून घोट घोट पाणी प्यायल्या. भर दुपारी, रानात, बिनघोर. एवढंच तर लागत होतं, एक चादर आणि धरायला दुसरी बाई. सासूला ते सुचलं नाही, आपल्यालाही नाही, आणि एवढे दात गेले, या विचारानं त्यांना रडू आलं.