पहिल्या पानाचा आवाज

"पेपर मुका असतोय गड्या, त्याला आवाज मी देतो," असं हरिबा एकदा हसत म्हणाला होता.

मेढ्याजवळच्या त्याच्या गावात ते खरंच होतं. सैन्यातून हवालदार म्हणून परतल्यापासून रोज सकाळी ज्ञानूच्या हॉटेलात पहिलं पान तोच वाचायचा. सगळ्यांच्या खिशात मोबाइल, तरी माणसं चहा घेऊन त्याच्यापुढं बसत. मथळा तो उभा राहून, मैदानावर हुकूम सोडावा तसा म्हणायचा.

लढाई लागली आणि मथळे फुगत गेले. 'शत्रूचं बंदर बेचिराख!' हे त्यानं वाचलं तेव्हा बाकं वाजली, गावातल्या तरण्या शंभूराजनं रस्त्यावर फटाक्यांची माळ लावली, ज्ञानूनं ते पान भिंतीवर चिकटवलं. हरिबाची छातीही भरून आली. त्याचा मुलगा कृष्णात सीमेवरच होता.

मग एका सकाळी आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आलं की बंदराच्या बातमीला कुठूनच दुजोरा नाही. ते हरिबानं मनातच वाचलं. मोठ्यानं वाच असं कुणी म्हटलंही नाही.

कृष्णातचा फोन तेव्हापासून बंद. घरी बायको अंजना विचारायची, "आवं, आज पेपरात काय हाय?" आणि तो चपला शोधायला लागायचा.

आज पहिल्या पानावर होतं, 'युद्ध थांबलं'. अक्षरं बंदराच्या मथळ्याच्याच आकाराची, तेवढीच काळी. हरिबा त्यांवर बोट फिरवत हॉटेलापाशी आला. दारात नवा फ्लेक्स होता. वर्दीतला कृष्णात, खाली बंदराचा मथळा ज्वाळांच्या रंगात. आणि फोटोला झेंडूचा हार.

"अरं, जित्या माणसाच्या फोटूला हार घातलाय तुमी!"

"सत्काराचा हाय नाना," शंभूराज म्हणाला. "चला, वाचा."

हरिबानं बसूनच वाचलं.

"थांबलं? एवढ्यात?" शंभूराजनं कप आपटला. "आनखी आठ दिवस चाललं असतं तर नकाशा बदलला असता."

"व्हय की," बाकं म्हणाली.

"ज्याचं पोरगं तिकडं, त्याला ग्वाड लागनारच," मागून कुणीतरी म्हणालं. हसू पसरलं.

हरिबानं खिशातला फोन काढून पुन्हा लावला. तीच बाई, तेच वाक्य. या मथळ्यावर विश्वास ठेवायला त्याच्याइतकं आसुसलेलं तिथं कुणी नव्हतं, आणि त्यालाच ते जमत नव्हतं.

ज्ञानूनं समजुतीनं भिंतीकडं बोट केलं. "जाऊ द्या नाना. त्ये बंदराचंच वाचा परत. लय झ्याक वाचलं हुतं तुमी."

सगळ्यांनी माना त्याच्याकडं वळवल्या.

हरिबानं चष्मा काढला. पेपर बाकावर ठेवला. दारात टाचा उंचावून त्यानं कृष्णातच्या गळ्यातला हार उतरवला आणि तो हातात घेऊन रस्त्याला लागला.